दोनशे दहा पाहुण्यांची तीन-तीन मिनिटं

ब्रॅसवेल काउंटी नागरी हक्क संघटनेच्या वार्षिक मेजवानीची जबाबदारी ऑर्थेला पिंकस्टनबाईंकडे येऊन या एप्रिलात अकरा वर्षं झाली होती. ती त्यांनी काही मागून घेतली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका बैठकीच्या दिवशी त्या दाढ काढायला गेल्या होत्या, आणि जॉर्जियातल्या कुठल्याही समितीत जो हजर नसतो तोच एकमताने निवडून येतो.

पण निवड चुकली नव्हती. बाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. साठ पोरं मागे दंगा करत असताना समोरच्या आरशातून एक नजर टाकून बस गप्प करायची, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर तीच नजर त्यांनी संघटनेला दिली.

संघटनेची कचेरी एका बंद पडलेल्या केशकर्तनालयात होती. न्हाव्याची एक खुर्ची अजून तिथेच होती, कारण ती जमिनीत पक्की बसवलेली होती आणि कोणालाच उपटता आली नव्हती. तक्रार घेऊन येणारा माणूस तिच्यावरच बसायचा. घरमालक छप्पर दुरुस्त करत नाही, शाळेने मुलाला दहा दिवस घरी बसवलं, पगारातून भलतीच कपात झाली, जुन्या शिक्षेमुळे मतदार यादीतून नाव गेलं, असं सगळं त्या खुर्चीत बसून सांगितलं जायचं. बाई म्हणत, त्या खुर्चीत माणूस खोटं बोलत नाही, समोर आरसा असतो ना. मग त्या वहीत लिहून घेत, आणि पुढचं काम अध्यक्षांकडे जाई.

अध्यक्ष म्हणजे माउंट निबो बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड थॅडियस लकेट. माणूस सोन्यासारखा. घरी बसवलेल्या मुलासाठी शाळेच्या सुनावणीला कोण जाणार, तर रेव्हरंड. म्हाताऱ्या विधवेला घर रिकामं करायची नोटीस आली तर कोर्टात तिच्या शेजारी कोण उभं राहणार, तर रेव्हरंड. हे सगळं खरं. पण त्यांना भाषण आवरत नसे. 'शेवटचा मुद्दा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की जाणकार लोक कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावत आणि नीट मागे टेकून बसत. एका वर्षी मेजवानीत त्यांच्या पहिल्या मुद्द्याच्या वेळी एका गरोदर बाईला कळा सुरू झाल्या. तिला इस्पितळात नेलं. रेव्हरंड तिसऱ्या मुद्द्यावर पोचले तेव्हा मुलगी झाल्याचा फोन आला. त्यांनी ती बातमी भाषणातच घेतली आणि चौथा मुद्दा तिच्यावर केला.

तेव्हापासून ऑर्थेलाबाई त्यांच्या बरोब्बर मागे बसत आणि वीस मिनिटं झाली की त्यांच्या कोटाचं टोक ओढत. दोन वर्षांपूर्वी कोट उसवला. रेव्हरंड थांबले नाहीत.

यंदाच्या मेजवानीत सत्कार व्हायचा होता मिस्टर होझिया बिगर्स यांचा. वय एक्क्याण्णव. हयातभर पियानो सुरात लावायचं काम केलेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते कानाने तपासत. चाकं लावलेल्या टेकूचा, म्हणजे वॉकरचा, आधार घेत, मुंगीच्या पावलाने चालत. पण गावात कोणाचं पोर अठराचं झालं की मतदार नोंदणीचा कागद घेऊन त्याच्या दारात हजर. वाढदिवसाच्या केकआधी मिस्टर होझिया पोचलेले असत.

मेजवानी शुक्रवारी सहाला. दुपारी दोन वाजता बाई समाजमंदिराच्या सभागृहात टेबलांवर फुलं मांडत होत्या आणि त्यांच्यामागे दोन माणसं भांडत होती. एक साइक्स, दुसरे गिलयार्ड. दोघांचा धंदा एकच, अंत्यविधीचा. दोघांनाही स्मरणिकेच्या मागच्या पानावर जाहिरात हवी होती आणि दोघांनाही व्यासपीठाजवळचं टेबल हवं होतं.

"मिस ऑर्थेला, माझ्या आजोबांनी हे गाव पुरलंय," साइक्स म्हणाले.

"अर्धं," गिलयार्ड म्हणाले. "जे नीट पुरलं गेलं ते अर्धं आमच्याकडे आलं होतं."

"तुम्ही दोघं आत्ता गप्प बसला नाहीत ना," बाई मागे न बघता म्हणाल्या, "तर तुमच्यातला एक दुसऱ्याचं गिऱ्हाईक होईल."

इतक्यात स्वयंपाकघराचं दार उघडून क्लोटील आली. क्लोटील म्हणजे गावातल्या जेवणावळींची मुख्य. आवाज ताशासारखा, कपाळावर पीठ.

"मिस ऑर्थेला, हातातली फुलं खाली ठेवा."

"चिकन जळलं?"

"चिकनला काय होतंय! तुम्ही आधी खाली बसा. माझ्या नणंदेचा फोन होता. ती कोर्टाच्या इमारतीत फरशी पुसते. मागच्या दाराला, कचऱ्याच्या पेट्यांजवळ, एक कागद चिकटवलाय. निवडणूक मंडळाची सभा आहे. आज. साडेपाचला."

"कसली सभा?"

"आपलं मतदान केंद्र बंद करताहेत. रुळांपलीकडची, आपल्या वस्तीतली जुनी शाळा. कारण काय, तर छत गळतंय. केंद्र हलवणार हायवेवरच्या अग्निशमन ठाण्यात."

बाईंनी फुलं खाली ठेवली नाहीत, पण देठ मोडले.

"ते सहा मैल लांब आहे."

"सव्वासहा. मी तिथे केक पोचवते ना."

"तिकडे बस जात नाही. पायवाटसुद्धा नाही."

"तेच तर म्हणतेय. आणि साडेपाच का? तर अख्ख्या काउंटीला ठाऊक आहे, आज संध्याकाळी आपण सगळे इथे नटूनथटून चिकन खात बसणार."

सूचना नियमाने दिली होती का ते बघायला बाईंनी वर्तमानपत्र मागवलं. दिली होती. जुने ट्रॅक्टर विकण्याच्या जाहिरातींमध्ये, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत, रीतसर सूचना होती. बेकायदा काही नव्हतं. बाईंना बेकायदा गोष्टींचा इतका राग येत नसे. कायद्यात बसवून केलेल्या हलकटपणाने मात्र त्यांचं रक्त तापायचं.

त्यांनी रेव्हरंडना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मेजवानी रद्द करू," रेव्हरंड म्हणाले.

"दोनशे दहा माणसांचं जेवण चढलंय, रद्द कसली करता? सगळ्यांना घेऊन तिकडे जायचं, बोलायचं, मग परत येऊन जेवायचं."

"सिस्टर पिंकस्टन, देव तुमचं भलं करो! माझं भाषण तयारच आहे. तेच मी तिथे..."

"रेव्हरंड, तिथे माणशी तीन मिनिटं मिळतात."

पलीकडे काहीतरी धपकन पडलं; रेव्हरंडना घेरी आली की काय असं बाईंना वाटलं.

"तीन?" शेवटी बारीक आवाज आला. "नुसती?"

दोन ते साडेचार बाईंनी आणि क्लोटीलने फोन केले. सहाला या म्हटलेल्यांना पावणेपाचला या सांगायचं, आणि तेही अशा लोकांना, जे सहा म्हटलं की साडेसहाला येतात. बाई प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होत्या : "बस निघणार आहे." त्यांच्या बसमध्ये लहानपणी बसलेले लोक आता पन्नाशीला आले होते, पण ते वाक्य ऐकल्यावर एकूण एक वेळेवर आला. बायका मोरपिशी आणि सोनेरी झग्यांत, चर्चच्या टोप्या घालून, ज्यांच्यावरची पिसं दारातून तिरकी काढावी लागत होती. पुरुष काळ्या सुटांत. डॉक्टर, शिक्षिका, गिरणीतले फोरमन, दोन न्हावी, एक निवृत्त कर्नल.

प्रश्न उरला जायचं कसं. कोर्ट गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. शुक्रवारी पाचला गिरणी सुटते, रस्ता तुंबतो, आणि तिथे गाड्या लावायला जागा मोजून वीस. ऑर्थेलाबाईंनी सभागृहावर नजर फिरवली, ती साइक्स आणि गिलयार्ड यांच्यावर येऊन थांबली.

"तुमच्या लांब गाड्या किती?"

"चार," साइक्स म्हणाले. "आणि एक शववाहिका."

"पाच," गिलयार्ड म्हणाले. "शववाहिका दोन. एकीत गार हवा आहे."

"सगळ्या आणा. चर्चच्या बसही घ्या. दिवे लावून एका ओळीत जायचं."

दोघंही एकदम म्हणाले, "पुढे कोण?"

"जाताना साइक्स. येताना गिलयार्ड. आणि यावर जो एक शब्द बोलेल तो चालत येईल."

बाईंनी दारात उभं राहून गाड्या भरल्या. "मागची सीट आधी! खिडकीबाहेर हात नको! कर्नल, तुमच्या पलीकडे अजून एक माणूस मावतो." कर्नल निमूटपणे सरकले.

त्या गावात अंत्ययात्रा दिसली की रस्ता थांबतो. काळा असो, गोरा असो, गाडी कडेला घेतो आणि टोपी काढतो. पंधरा गाड्यांची दिवे लावलेली रांग मोठ्या रस्त्यावर आली आणि गिरणीची सगळी वाहतूक दोन्ही बाजूंना शिस्तीत उभी राहिली. चौकात पोलिसाने हात आडवा करून सिग्नल मोडू दिला आणि रांग संपेपर्यंत टोपी छातीशी धरून उभा राहिला. पहिल्या गाडीत ऑर्थेलाबाई, रेव्हरंड आणि मिस्टर होझिया होते. रेव्हरंड मांडीवर भाषणाचे चोवीस कागद घेऊन पेन्सिलने ओळी खोडत होते आणि प्रत्येक ओळ खोडताना पोटच्या पोराला निरोप दिल्यासारखं हळहळत होते. रुळांपाशी गाडी जरा थबकली. शेजारच्या पिकअपमधला माणूस खिडकी खाली करून हलक्या आवाजात म्हणाला, "वाईट झालं. कोण गेलं हो?"

मिस्टर होझियांनी मान बाहेर काढली. "अजून कोणी नाही," ते म्हणाले. "साडेपाचला ठरवणारेत."

निवडणूक मंडळ तीन जणांचं. अध्यक्ष वेंडेल ॲशकम, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. ते इथून थेट मासे पकडायला जायच्या तयारीनेच आले होते; गळ बाहेर गाडीत होता. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या मिसेस प्रुइट, हिशेबनीस, टोकदार पेन्सिली आणि टोकदार नाक. तिसरे एक गृहस्थ होते, ते कधीच काही बोलत नसत आणि त्या दिवशीही बोलले नाहीत.

साडेपाचला ॲशकमनी हातोडी आपटली आणि समोरच्या साठ रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय?"

तेव्हा दार उघडलं आणि आत पिसं शिरली.

माणसं येतच राहिली. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, मग बाहेरचा बोळ, मग जिना. साइक्स आणि गिलयार्ड यांनी सवयीने दोन्ही बाजूंना उभं राहून, हात पुढे बांधून, लोकांना हळू आवाजात जागा दाखवली. सभागृहात इतका अत्तराचा वास दरवळला की गप्प गृहस्थ शिंकले.

"बोलणाऱ्यांनी कागदावर नावं लिहायची," ॲशकम म्हणाले. कागदावर दहा ओळी होत्या.

ऑर्थेलाबाईंनी पर्समधून मेजवानीची पाहुण्यांची यादी काढून टेबलावर ठेवली. "दोनशे दहा नावं. आडनावाच्या क्रमाने. पुढे टेबलाचा आकडा आणि चिकन की मासा ते लिहिलंय, त्याकडे लक्ष देऊ नका."

पहिले रेव्हरंड. त्यांनी माइकपाशी जाऊन कागद ठेवले, चष्मा लावला, घसा साफ केला. ॲशकमनी घड्याळाचं बटण दाबलं.

"सर्वप्रथम," रेव्हरंड म्हणाले, "ज्याने आज आपल्याला उठवलं आणि सुखरूप इथे आणलं त्या परमेश्वराला वंदन. माननीय अध्यक्ष ॲशकम, माननीय मिसेस प्रुइट, माननीय... मंडळाचे तिसरे सदस्य, माझी सहधर्मचारिणी लुव्हीनिया, जिच्या हातचा रताळ्याचा हलवा या काउंटीत..."

ऑर्थेलाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. कोट हाताला लागत नव्हता. "मुद्दा! मुद्द्यावर या!" त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"...आणि आमच्या मेजवानी समितीच्या कार्यक्षम प्रमुख सिस्टर पिंकस्टन, ज्या मला आत्ता काहीतरी सुचवताहेत. तर मित्रहो, मी तुमचा फार वेळ घेणार नाही..."

ट्रिंग!

"वेळ संपला," ॲशकम म्हणाले.

"घंटी थोडी उतरलीय," मागून मिस्टर होझिया म्हणाले. "पाव सूर तरी."

रेव्हरंड माइकपाशी तसेच उभे होते. चोवीस कागदांपैकी पहिलाही उलटला नव्हता. त्या माणसाने पंचवीस वर्षांत इतक्या लोकांसाठी तोंड उघडलं होतं, आणि आज तोंड उघडायलाच वेळ पुरला नव्हता. ते खाली मान घालून परत आले आणि ऑर्थेलाबाईंच्या शेजारी बसले. "मी घालवलं," ते पुटपुटले. अकरा वर्षांत पहिल्यांदा बाईंना त्यांच्यावर चिडता येईना.

त्यांनी नजर वळवली ती यादी ठेवताना टेबलावरून उचललेल्या कागदावर गेली. नावं लिहायच्या कोऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला सभेचे नियम छापलेले होते. कागदाची मागची बाजू वाचायची बाईंना सवय. पोरांच्या घरून येणाऱ्या चिठ्ठ्यांचं खरं कारण नेहमी मागच्या बाजूला असायचं. नियम सहावा : कोणत्याही वक्त्यास आपला वेळ दुसऱ्या वक्त्यास देता येईल.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग शेजारी बसलेल्या रेव्हरंडकडे बघितलं. अकरा वर्षं ज्या नळाची तोटी घट्ट बंद करण्यात घालवली, ती आता आपल्याच हाताने सोडायची.

"पुढचं नाव," ॲशकम म्हणाले.

ऑर्थेलाबाई उभ्या राहिल्या. "मी ऑर्थेला पिंकस्टन. मी माझी तीन मिनिटं," इथे त्यांनी एक खोल श्वास घेतला, "रेव्हरंड लकेट यांना देते. नियम सहा."

सभागृहात कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. रेव्हरंडनी बाईंकडे असं बघितलं की लग्नाच्या दिवशी लुव्हीनियाकडेही त्यांनी तसं बघितलं नसेल.

क्लोटील उठली. "माझीपण त्यांनाच."

"माझीही," साइक्स म्हणाले.

"आणि माझी," गिलयार्ड म्हणाले. "माझी तर पूर्ण तीन."

मग एकेक उठू लागलं. टोप्या उठल्या, कर्नल उठले, जिन्यावरून आवाज आले. "रेव्हरंडना द्या!" "रेव्हरंडना!" "मी माझ्या नवऱ्याचीपण देते, तो तसाही बोलत नाही." मिसेस प्रुइट कागदावर रेघा मारत होत्या. रेघा चाळीसच्या पुढे गेल्या तसा त्यांनी पेन्सिलीने झरझर हिशेब केला आणि अध्यक्षांकडे झुकल्या. माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"वेंडेल, सगळ्यांनी दिली तर साडेदहा तास होतात. पहाटेचे सव्वाचार."

ॲशकम पांढरे पडले. काउंटीतला माणूस होता, लकेट हे नाव त्याने ऐकलं होतं. त्यांच्या दुकानातला नोकर एकदा माउंट निबोमध्ये लग्नाला गेला होता तो दुसऱ्या दिवशी कामाला उशिरा आला होता.

"रेव्हरंड," ते म्हणाले, "तुम्हाला... म्हणजे, एवढा वेळ खरंच लागेल?"

रेव्हरंड उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तो माणूस मनापासून विचार करत होता.

"साहेब, खरं सांगू?" ते म्हणाले. "थोडं आटोपतं घ्यावं लागेल."

हशा जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेला. ॲशकम हातोडी आपटत राहिले. आणि त्या गलक्यात मिस्टर होझियांचा आवाज आला, "मी माझी देणार नाही."

सगळे वळले. म्हातारा शेवटच्या रांगेत, भिंतीजवळच्या खुर्चीत होता. "माझी मी वापरणार. नाव घ्या माझं."

"होझिया बिगर्स," ॲशकमनी यादी बघून वाचलं आणि सुटकेच्या भावनेने बटण दाबलं.

मिस्टर होझियांनी टेकूचे दोन्ही दांडे धरले. पहिल्या प्रयत्नात उठणं जमलं नाही. दुसऱ्यात जमलं. साइक्स मदतीला पुढे सरकले. म्हाताऱ्याने डोळे वटारले. "तू लांब राहा रे. तुझी घाई मला माहितीय." साइक्स मागे झाले.

टेकू पुढे, एक पाय, दुसरा पाय. मग थांबून श्वास. टेकू पुढे. आता फक्त टेकूच्या चाकांची कुरकुर आणि घड्याळाची टिकटिक. अर्ध्या वाटेत म्हातारा थांबला, रुमाल काढून कपाळ पुसलं, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला. एका बाईने आपल्या टोपीचं पीस त्याच्या वाटेतून बाजूला घेतलं. टेकू पुढे. ऑर्थेलाबाईंना उठून त्यांचा हात धरावासा वाटत होता. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची पर्स धरून ठेवली.

माइक अजून दोन पावलं लांब होता तेव्हा घंटी वाजली.

मिस्टर होझिया जागीच थांबले. माइकची त्यांना गरजही नव्हती. "झालं माझं बोलून," ते म्हणाले. "खुर्चीपासून इथपर्यंत चाळीस फूट असतील. आता अग्निशमन ठाणं किती लांब आहे ते तुम्हीच मोजा, बाई. तुमच्याकडे पेन्सिल आहे."

मिसेस प्रुइट यांनी पेन्सिल हातात घेतली होती. त्यांनी खरंच हिशेब मांडायला घेतला असावा, सवयच तशी, कारण पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"मी हा ठराव महिनाभर तहकूब करावा अशी सूचना मांडते," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी सूचना पुढच्या दाराला लावावी."

"पण शाळेच्या छताच्या दुरुस्तीचा खर्च..." ॲशकम म्हणाले.

"वेंडेल, मत घे."

गप्प गृहस्थांनी हात वर केला. ॲशकमनी बाहेर उभ्या असलेल्या शववाहिकांकडे खिडकीतून एकदा पाहिलं आणि त्यांनीही केला.

परत येताना गिलयार्ड पुढे होते आणि त्यांनी मुद्दाम गावाला एक जादा वळसा घातला. चिकन कोरडं पडलं होतं, मॅकरोनीवर साय धरली होती, आणि क्लोटील ताटं वाढताना प्रत्येकाला बजावत होती, "मंडळाला नावं ठेवा, मला नको." कोणी ठेवली नाहीत. सगळ्यांनी दोनदा घेतलं. मिस्टर होझियांना लाकडी सन्मानचिन्ह दिलं, त्यांनी ते बोटाने टिचकी मारून तपासली आणि "चांगलं लाकूड" म्हणाले.

मग रेव्हरंड भाषणाला उठले. चोवीस कागद. ऑर्थेलाबाई नेहमीप्रमाणे मागे बसल्या. वीस मिनिटं झाली, त्यांचा हात सवयीने कोटाकडे गेला. त्या वेळी रेव्हरंड त्या म्हाताऱ्या विधवेबद्दल बोलत होते, घर रिकामं करायची नोटीस आलेल्या. ही गोष्ट बाईंच्याच वहीतली, पण विधवेने कोर्टातून बाहेर आल्यावर रेव्हरंडच्या खिशात उकडलेली अंडी कोंबली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंनी हात मागे घेतला. बत्तिसाव्या मिनिटाला मात्र ओढला. शेवटी खरकटी टेबलं त्यांनाच आवरायची होती.

मे महिन्याच्या सभेची सूचना पुढच्या दाराला लागली, मोठ्या अक्षरांत. त्या दिवशी तीनशेहून जास्त लोक आले, या खेपेला साध्या कपड्यांत. केंद्र शाळेतच राहिलं. छपराची गळती मतदान व्हायच्या आत बुजवायची असंही ठरलं, आणि ती निम्मी बुजवली गेली. त्याच सभेत मंडळाने नियम सहावा बदलला : यापुढे एका वक्त्यास फक्त एकाच व्यक्तीचा वेळ देता येईल.

"हा नियम माझ्यासाठी केलाय," रेव्हरंड कोर्टाच्या पायऱ्या उतरताना म्हणाले. छाती दोन इंच फुगली होती. "एकट्या माझ्यासाठी."

"हो ना," ऑर्थेलाबाई म्हणाल्या. "काही लोकांसाठी पुतळा करतात, काहींसाठी कायदा."

नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी बाई सकाळी सातला शाळेत पोचल्या तर रांग दारापर्यंत आलेली. कोपऱ्यात छतातून पडणाऱ्या थेंबांखाली बादली ठेवली होती. आत पडद्यामागे मिस्टर होझिया होते आणि मतपत्रिकेवरचा प्रत्येक शब्द वाचून काढत होते. काही शब्द मोठ्याने. काउंटीच्या गटारांच्या अधिकाऱ्याचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

बाईंच्या मागे क्लोटील होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"मिस ऑर्थेला, यांना अजून किती वेळ? माझ्या घेवड्याच्या शेंगा चुलीवर आहेत."

ऑर्थेलाबाई वळल्या आणि त्यांनी बसच्या आरशातली ती नजर टाकली.

"बरं, बरं," क्लोटील म्हणाली. "जळतील तर जळू देत."